क्विसलिंग : नॉर्वेच्या एका हुशार लष्करी अधिकाऱ्याचं आडनाव 'देशद्रोही'चा समानार्थी शब्द कसं बनलं?

आपल्याकडे कुणी आपल्याच माणसांना दगा दिला, की त्याला 'सूर्याजी पिसाळ' म्हणतात. हिंदी पट्ट्यात त्यासाठी 'जयचंद' आहे, बंगालात 'मीर जाफर'. गावाच्या राजकारणापासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत ही नावं शिवीसारखी वापरली जातात. त्या माणसांनी नेमकं काय केलं होतं, हे वापरणाऱ्याला माहीत असतंच असं नाही.

इंग्रजीतही असाच एक शब्द आहे, 'क्विसलिंग'. शब्दकोशात त्याचा अर्थ 'शत्रूला सामील होऊन आपल्याच देशाविरुद्ध काम करणारा' असा दिलेला असतो. फरक इतकाच, की जयचंद आणि मीर जाफर काही शतकांपूर्वीचे, तर हा माणूस अगदी अलीकडचा. त्याचे फोटो आहेत, भाषणं आहेत, त्याच्यावर चाललेल्या खटल्याची कागदपत्रंही आहेत. आणि त्याचं आडनाव शिवी बनलं तेव्हा तो जिवंत होता, सत्तेसाठी धडपडत होता.

विडकुन क्विसलिंग हे त्याचं नाव. नॉर्वेच्या सैन्यातला मेजर, एकेकाळचा संरक्षणमंत्री आणि नंतर हिटलरच्या मदतीने आपल्याच देशाचा प्रमुख बनलेला नेता.

पण त्याची गोष्ट फक्त एवढीच असती, तर ती दोन ओळींत संपली असती. ज्याला पुढे जगाने गद्दार म्हणून ओळखलं, त्याच माणसाने त्याआधी दुष्काळात मरणाऱ्या लोकांपर्यंत अन्न पोहोचवण्याचं काम केलं होतं. मग असं काय झालं?

पाद्र्याचा मुलगा, वर्गातला पहिला

विडकुन क्विसलिंगचा जन्म १८ जुलै १८८७ चा. दक्षिण नॉर्वेतल्या टेलेमार्क भागात फ्युरेस्डाल नावाचं छोटं गाव आहे, तिथला. वडील चर्चमध्ये पाद्री होते आणि त्यांना वंशावळींच्या अभ्यासाची आवड होती. आपलं घराणं जुनं आणि मानाचं आहे, याचा अभिमान घरात होता.

तेव्हा नॉर्वे पूर्ण स्वतंत्र नव्हता. तो स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली होता. १९०५ मध्ये नॉर्वे वेगळा झाला, जनमत घेऊन एका डॅनिश राजपुत्राला राजा म्हणून निवडलं गेलं आणि तो हाकोन सातवा या नावाने गादीवर बसला. त्याच वर्षी अठरा वर्षांचा क्विसलिंग लष्करी शिक्षणासाठी दाखल झाला.

पोरगा अबोल होता, पण अभ्यासात जबरदस्त. प्रवेश परीक्षेत तो पहिला आला. पुढे लष्करी महाविद्यालयातून बाहेर पडताना त्याने इतके गुण मिळवले, की १८१७ मध्ये ती संस्था सुरू झाल्यापासून तेवढे कुणालाच पडले नव्हते. या कामगिरीबद्दल त्याला राजाच्या भेटीचा मान मिळाला.

तो राजा होता हाकोन सातवा. हे नाव लक्षात ठेवा. तीस वर्षांनी हे दोघं पुन्हा समोरासमोर येणार होते, फक्त तेव्हा एकाने दुसऱ्याच्या सत्तेवर दावा सांगितलेला असणार होता.

१९११ मध्ये क्विसलिंग सेनेच्या मुख्यालयात रुजू झाला. त्याने रशियाचा खास अभ्यास केला होता. त्यामुळे १९१८ मध्ये, रशियात क्रांती होऊन काहीच महिने झालेले असताना, त्याला पेट्रोग्राडच्या नॉर्वेजियन वकिलातीत लष्करी प्रतिनिधी म्हणून पाठवलं गेलं. बोल्शेविकांची राजवट त्याने जवळून पाहिली ती तिथे.

दुष्काळात मदतीला धावलेला अधिकारी

१९२१ मध्ये रशिया आणि युक्रेनमध्ये भीषण दुष्काळ पडला. महायुद्ध, यादवी आणि धान्याची सक्तीची वसुली यांनी शेती आधीच मोडली होती, त्यात पाऊस दगा देऊन गेला. लाखो माणसं उपासमारीने आणि साथीच्या रोगांनी मेली.

या संकटात मदतीसाठी पुढे आलेलं मोठं नाव म्हणजे फ्रिड्जॉफ नान्सेन. हा नॉर्वेचा जगप्रसिद्ध ध्रुवीय संशोधक. पहिल्या महायुद्धानंतर त्याने स्वतःला निर्वासितांच्या आणि युद्धकैद्यांच्या कामाला वाहून घेतलं होतं. १९२२ चं शांततेचं नोबेल पारितोषिक त्यालाच मिळालं. या नान्सेनला रशियन येणारा, शिस्तीचा आणि हिशेबाला पक्का माणूस हवा होता. त्याने क्विसलिंगला निवडलं.

१९२२ च्या सुरुवातीला क्विसलिंग युक्रेनमधल्या खारकिव्हला पोहोचला. रेल्वे बंद, गोदामं रिकामी, रस्त्यावर प्रेतं, अशा परिस्थितीत मदतीचं धान्य कुठे, किती आणि कसं पोहोचवायचं याची व्यवस्था त्याने लावली. दुष्काळाची परिस्थिती जगासमोर मांडणारे अहवाल पाठवले. त्याच्या कामाचं नान्सेनने मनापासून कौतुक केलं.

पुढे १९२५ मध्ये तो नान्सेनबरोबर आर्मेनियाच्या कामातही होता. तुर्कस्तानातल्या नरसंहारातून वाचलेल्या आर्मेनियन निर्वासितांना सोव्हिएत आर्मेनियात वसवता येईल का, त्यासाठी जमीन ओलिताखाली आणता येईल का, याची पाहणी चालू होती. त्यानंतर काही वर्षं तो मॉस्कोत होता. ब्रिटन आणि सोव्हिएत संघाचे संबंध तुटले तेव्हा तिथलं ब्रिटिशांचं कामकाज नॉर्वेच्या वकिलातीमार्फत बघितलं जाई आणि ते क्विसलिंगकडे होतं. या कामासाठी ब्रिटनने १९२९ मध्ये त्याला 'कमांडर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' हा किताबही दिला.

म्हणजे चाळिशी ओलांडताना क्विसलिंगच्या नावावर काय होतं? अव्वल लष्करी शिक्षण, नोबेल विजेत्याची शाबासकी, ब्रिटिश किताब आणि हजारो भुकेल्यांना केलेली मदत. चरित्र इथे थांबलं असतं, तर आज नॉर्वेत एखाद्या रस्त्याला त्याचं नाव असतं.

मग गाडी कुठे घसरली?

रशियातून क्विसलिंग परतला तो कट्टर कम्युनिस्टविरोधक होऊन. गंमत म्हणजे, वीसच्या दशकाच्या मध्यात त्याने नॉर्वेतल्या डाव्या चळवळीला मदत देऊ केली होती, असं त्या चळवळीच्या नेत्यांनीच नंतर उघड केलं. पण १९३० पर्यंत त्याचं मत पूर्ण फिरलं होतं. त्या वर्षी त्याने रशियावर एक पुस्तक लिहिलं. त्यात बोल्शेविकांचा धोका वंशाच्या भाषेत मांडला होता. उत्तर युरोपातली 'नॉर्डिक' माणसं श्रेष्ठ आणि त्यांनी एकत्र येऊन हा धोका रोखला पाहिजे, असा त्याचा सूर होता.

वेळही अशा विचारांना पोषक होती. १९२९ च्या जागतिक मंदीचा फटका नॉर्वेला बसला होता. बेकारी वाढली होती, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनींचे लिलाव होत होते, कारखान्यांत संप आणि टाळेबंदी सुरू होती. अशा वेळी 'देशाला शिस्त लावणारा कणखर माणूस' लोकांना हवासा वाटतो.

१९३१ मध्ये शेतकऱ्यांच्या पक्षाचं सरकार आलं आणि त्यात क्विसलिंग थेट संरक्षणमंत्री झाला. निवडणूक न लढवता. महिन्याभरातच मेन्स्टाड इथे संपकरी कामगार आणि पोलिसांचा संघर्ष झाला आणि सरकारने तिथे सैन्य धाडलं. कामगारांच्या नजरेत क्विसलिंग खलनायक ठरला तो तेव्हापासून.

फेब्रुवारी १९३२ मध्ये आणखी एक विचित्र प्रकार घडला. मंत्रालयातल्या आपल्या दालनात कुणीतरी डोळ्यात मिरपूड टाकून आपल्यावर हल्ला केला, असं त्याने सांगितलं. हल्लेखोर सापडला नाही. विरोधकांनी ही घटनाच खरी आहे का, असा प्रश्न विचारला आणि वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळाला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी संसदेत उभं राहून त्याने मजूर पक्षाच्या नेत्यांवर आरोप केला, की ते परकीय पैशाच्या बळावर क्रांतीचा कट करत आहेत. म्हणजे देशद्रोहाचा आरोप आधी त्यानेच दुसऱ्यांवर केला होता.

स्वतःचा पक्ष आणि रिकामी पेटी

१९३३ मध्ये सरकार गेलं आणि मंत्रिपदही. त्याच वर्षी १७ मे रोजी, नॉर्वेच्या संविधान दिनी, क्विसलिंगने स्वतःचा पक्ष काढला. नाव 'नाशुनाल सामलिंग', म्हणजे साधारण 'राष्ट्रीय ऐक्य'. हिटलर जर्मनीत सत्तेवर येऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. पक्षाने जर्मनी आणि इटलीकडून बरंच काही उचललं. गणवेशधारी स्वयंसेवकांचं दल आलं, हात उंचावून सलाम आला आणि एकमेव सर्वोच्च 'नेता' आला.

नॉर्वेच्या जनतेने मात्र या पक्षाला दारातही उभं केलं नाही. १९३३ च्या निवडणुकीत त्याला जेमतेम दोन टक्के मतं मिळाली. १९३६ मध्ये त्याहूनही कमी. संसदेत एकही जागा नाही, ना पहिल्यांदा, ना दुसऱ्यांदा.

याचं एक कारण स्वतः क्विसलिंग होता. भाषण रटाळ, लोकांत मिसळणं जमत नाही, सहकाऱ्यांचं ऐकणं नाही. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे १९३५ मध्ये मजूर पक्षाने शेतकऱ्यांच्या पक्षाशी समझोता करून सरकार बनवलं. बेकारी आणि शेतीच्या प्रश्नांवर उपाय सुरू झाले आणि टोकाच्या राजकारणाची हवाच निघून गेली. क्विसलिंगचे साथीदार एकेक करून पक्ष सोडू लागले.

मतपेटीतून सत्ता मिळत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. मग त्याने दुसरा दरवाजा ठोठावला.

हिटलरची भेट

डिसेंबर १९३९. दुसरं महायुद्ध सुरू होऊन तीन महिने झाले होते. नॉर्वे तटस्थ होता. पण त्याच्या किनाऱ्यावर ब्रिटन आणि जर्मनी दोघांचा डोळा होता. कारण होतं लोखंड. जर्मनीच्या पोलाद कारखान्यांना लागणारं खनिज उत्तर स्वीडनच्या खाणींतून येई. हिवाळ्यात स्वीडनच्या उत्तरेकडचा समुद्र गोठतो, तेव्हा हे खनिज रेल्वेने नॉर्वेच्या नारविक बंदरात आणून तिथून जहाजाने पाठवलं जाई. नारविकचं बंदर गोठत नाही.

क्विसलिंग बर्लिनला गेला. नाझी विचारवंत आल्फ्रेड रोझेनबर्ग आणि नौदलप्रमुख एरिक रेडर यांच्यामार्फत त्याची हिटलरशी गाठ पडली, आठवड्याभरात दोनदा. ब्रिटिश लवकरच नॉर्वेत उतरणार आहेत आणि सध्याचं सरकार त्यांना अडवणार नाही, असं त्याने हिटलरला सांगितलं. पहिल्याच भेटीनंतर हिटलरने नॉर्वेवर चढाई करता येईल का, याचा अभ्यास करायचे आदेश दिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जर्मनीने फक्त क्विसलिंगच्या सांगण्यावरून हल्ला केला, असं नाही. फेब्रुवारी १९४० मध्ये ब्रिटिश नौदलाने नॉर्वेच्याच समुद्रात शिरून 'आल्टमार्क' या जर्मन जहाजावरच्या ब्रिटिश कैद्यांची सुटका केली. नॉर्वे आपली तटस्थता सांभाळू शकत नाही, याची हिटलरला तेव्हा खात्री पटली. खनिज आणि नौदलाचे तळ ही कारणं तर होतीच.

पण क्विसलिंगने आणखी एक पाऊल टाकलं. हल्ल्याच्या काही दिवस आधी तो कोपनहेगनला गेला आणि जर्मन लष्करी गुप्तचर खात्याच्या अधिकाऱ्याला भेटून नॉर्वेच्या संरक्षणाबद्दल माहिती दिली. आपल्या देशाचा माजी संरक्षणमंत्री शत्रूला आपल्याच बंदोबस्ताची माहिती देत होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा.

९ एप्रिल १९४० : रेडिओवरून सत्तापालट

९ एप्रिलच्या पहाटे जर्मन नौदल एकाच वेळी नॉर्वेच्या अनेक बंदरांवर चालून आलं. ओस्लोकडे निघालेल्या ताफ्याच्या पुढे होती 'ब्ल्यूखर' ही नवी कोरी युद्धनौका. राजा, मंत्रिमंडळ आणि संसद सकाळीच ताब्यात घ्यायची, असा बेत होता.

ओस्लोच्या खाडीत ऑस्कर्सबोर्ग नावाचा जुना किल्ला आहे. त्यावरच्या तोफा जवळपास अर्धशतक जुन्या होत्या आणि त्या चालवायला पुरेशी माणसंही नव्हती. किल्लेदार कर्नल बिर्गर एरिकसेन निवृत्तीला आलेले. वरून आदेश यायची वाट न बघता त्यांनी तोफा डागल्या, पाठोपाठ टॉर्पेडो सोडले आणि ब्ल्यूखर खाडीत बुडाली. मागचा ताफा थबकला.

त्या काही तासांनी सगळं बदललं. राजा, मंत्री आणि खासदार रेल्वेने ओस्लोबाहेर निसटले. सरकारी बँकेतलं सोनंही हलवलं गेलं. एल्वेरुम इथे जमलेल्या संसदेने सरकारला युद्धकाळात देशाबाहेरूनही कारभार करता येईल असे अधिकार देऊन टाकले.

राजधानीत मात्र पोकळी तयार झाली आणि क्विसलिंगने ती हेरली. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तो आकाशवाणी केंद्रात गेला आणि जाहीर केलं, की जुनं सरकार पळून गेलंय, आता मी पंतप्रधान आहे आणि सैन्याने प्रतिकार थांबवावा. रेडिओवरून सत्ता बळकावण्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण मानलं जातं.

त्याने वाचलेल्या मंत्र्यांच्या यादीत असेही लोक होते, ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं. राजाला आणि सरकारला अटक करा, असा आदेश त्याने एल्वेरुमजवळच्या लष्करी अधिकाऱ्याला फोनवरून दिला. त्या अधिकाऱ्याने तो मानला नाही.

राजाचा नकार

दुसऱ्या दिवशी जर्मन राजदूत राजाला भेटला. हिटलरची अट होती, की क्विसलिंगला पंतप्रधान नेमा आणि प्रतिकार थांबवा.

हाकोन सातवा यांनी मंत्रिमंडळाची बैठक घेतली. ज्या माणसावर ना जनतेचा विश्वास आहे ना संसदेचा, त्याला मी पंतप्रधान नेमू शकत नाही. सरकारला हे मान्य करावंसं वाटलं तर मी अडवणार नाही, पण मग मी गादी सोडेन, असं त्यांनी सांगितलं. मंत्रिमंडळ राजाच्या बाजूने उभं राहिलं.

उत्तर म्हणून ११ एप्रिलला जर्मन विमानांनी एल्वेरुम आणि राजा मुक्कामाला असलेल्या नीबर्गसुंद या गावावर बॉम्ब टाकले. राजा जंगलात आसरा घेऊन बचावले. दोन महिने उत्तरेकडे सरकत त्यांनी लढा चालू ठेवला आणि ७ जूनला ट्रॉम्सोहून ब्रिटिश युद्धनौकेने ब्रिटनची वाट धरली. या दिवसांवर २०१६ मध्ये 'द किंग्ज चॉइस' हा नॉर्वेजियन सिनेमा आलाय. ज्यांना हा प्रसंग पडद्यावर बघायचाय, त्यांनी जरूर बघावा.

क्विसलिंगचं सरकार मात्र आठवडाभरही टिकलं नाही. त्याच्या नावामुळे लोक जास्तच पेटून उठताहेत, हे जर्मनांच्या लक्षात आलं. १५ एप्रिलला त्याला बाजूला केलं गेलं आणि हिटलरने योसेफ टेरबोफन नावाच्या नाझी नेत्याला नॉर्वेचा प्रशासक नेमलं.

त्याच आठवड्यात, १९ एप्रिलला, लंडनच्या 'द टाइम्स'ने अग्रलेखात क्विसलिंगचं आडनाव सगळ्या देशांतल्या फितुरांसाठी वापरलं. उच्चारायला सोपा आणि ऐकायला थोडा खुपणारा हा शब्द पत्रकारांनी उचलून धरला. पुढच्या वर्षी चर्चिलनेही भाषणात तो वापरला आणि मग तो इंग्रजीत कायमचा बसला. ब्रिटिशांनी आपला जुना किताबही १९४० मध्येच काढून घेतला.

सत्ता मिळाली, देश मिळाला नाही

सप्टेंबर १९४० मध्ये टेरबोफनने क्विसलिंगचा पक्ष सोडून बाकी सगळ्या पक्षांवर बंदी घातली. १ फेब्रुवारी १९४२ ला क्विसलिंगला 'मंत्री-अध्यक्ष' हे पद मिळालं. खरी सूत्रं टेरबोफनच्याच हातात राहिली आणि दोघांचं कधी पटलं नाही. पण क्विसलिंगला आता नॉर्वेला आपल्या साच्यात ओतायचं होतं आणि त्याने सुरुवात केली शाळेपासून.

सगळ्या शिक्षकांनी नव्या सरकारी संघटनेत यायचं आणि मुलामुलींनी पक्षाच्या युवक दलात, असे कायदे त्याने आणले. उत्तर म्हणून हजारो शिक्षकांनी एकाच मजकुराची पत्रं आपापल्या सहीने पाठवली. मुलांना या विचारांवर वाढवणं माझ्या विवेकाला पटत नाही, म्हणून मी या संघटनेत येणार नाही, असा त्यांचा आशय होता. पालकांनीही निषेधाची पत्रं पाठवली.

सरकारने शाळा बंद केल्या. हजाराहून अधिक शिक्षकांना अटक झाली. त्यातल्या शेकडो जणांना जहाजात कोंबून देशाच्या पार उत्तर टोकाला, किर्केनेसला सक्तमजुरीला पाठवलं. काहींचा तिथे जीव गेला. पण बहुतेक शिक्षक बधले नाहीत. शेवटी क्विसलिंगला माघार घ्यावी लागली. शिक्षकांनी माझं सगळं धुळीला मिळवलं, अशा अर्थाचा त्रागा त्याने केल्याचं सांगितलं जातं.

शिक्षक एकटे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश १९४० मध्येच राजीनामे देऊन बाहेर पडले होते. १९४२ मध्ये सगळ्या बिशपांनी सरकारी पदं सोडली आणि ईस्टरला बहुसंख्य पाद्रीही त्यांच्या मागे गेले. खेळाडूंनी सरकारी स्पर्धांवर बहिष्कार टाकला. विद्यार्थी कोटाला कागदाला लावायची क्लिप अडकवून फिरू लागले. आम्ही एकमेकांना धरून आहोत, एवढाच त्याचा अर्थ. नंतर त्यावरही बंदी आली.

तीस लाखांच्या देशात क्विसलिंगच्या पक्षाचे सदस्य भर काळातही पंचेचाळीस हजारांच्या पुढे गेले नाहीत.

सगळ्यात काळं पान

मात्र या कौतुकाच्या गोष्टींत एक पान सुटता कामा नये. नॉर्वेत तेव्हा साधारण २,१०० ज्यू राहत होते. १९४२ च्या शरद ऋतूत क्विसलिंगच्या सरकारने ज्यूंची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा केला. मग अटकसत्र सुरू झालं. दारावर थाप मारणारे बहुतेक हात जर्मन नव्हते, ते नॉर्वेच्याच पोलिसांचे होते.

२६ नोव्हेंबर १९४२ रोजी 'डोनाऊ' हे जहाज ओस्लोच्या बंदरातून पाचशेहून अधिक ज्यूंना घेऊन निघालं. त्यात म्हातारे होते, आया होत्या, तान्ही बाळं होती. जर्मनीतून पुढे त्यांना रेल्वेने आउशविट्झला नेलं. नॉर्वेतून पाठवलेल्या ७७० पेक्षा जास्त ज्यूंपैकी चाळीसही जिवंत परतले नाहीत. निम्म्याहून अधिक ज्यू शेजाऱ्यांच्या आणि भूमिगत कार्यकर्त्यांच्या मदतीने सीमा ओलांडून स्वीडनला पोहोचले, म्हणून वाचले.

सतरा वर्षांपूर्वी निर्वासित आर्मेनियनांसाठी घर शोधायला निघालेल्या माणसाच्या सरकारने हे केलं. आणि नॉर्वेलाही हे पान वाचायला वेळ लागला. पोलिसांनी आणि नोकरशाहीने बजावलेल्या भूमिकेबद्दल नॉर्वेच्या पंतप्रधानांनी अधिकृत माफी मागितली ती २०१२ मध्ये, म्हणजे तब्बल सत्तर वर्षांनी.

खटला आणि मध्यरात्रीचा शेवट

८ मे १९४५ ला जर्मनीची शरणागती झाली. टेरबोफनने बंकरमध्ये स्फोट घडवून स्वतःला संपवलं. क्विसलिंग पळाला नाही. ९ मे रोजी तो स्वतःहून ओस्लोच्या पोलीस ठाण्यात हजर झाला. आपल्याला मानाने वागवलं जाईल, अशी त्याची अपेक्षा होती. त्याला साध्या कैद्यासारखं कोठडीत टाकलं गेलं.

२० ऑगस्टला खटला सुरू झाला. आरोप होते सत्ता बळकावणं, शत्रूशी संगनमत, सैन्याची जमवाजमव थांबवण्याचा आदेश, ज्यूंची हद्दपारी, देशभक्तांच्या हत्यांची जबाबदारी आणि चोरीसुद्धा. क्विसलिंगचा बचाव असा, की मी जे केलं ते नॉर्वेच्या भल्यासाठीच केलं. अनेक अभ्यासकांना वाटतं, की तो हे खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. पण आपल्याला काय वाटत होतं, याने डोनाऊ जहाज रिकामं होत नाही.

१० सप्टेंबरला मृत्युदंड सुनावला गेला. सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. २४ ऑक्टोबर १९४५ च्या पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी ओस्लोतल्या आकेर्सहुस किल्ल्यात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. योगायोग असा, की त्याच तारखेला संयुक्त राष्ट्रांची सनद अमलात आली. आणि काही महिन्यांनी त्या संघटनेचे पहिले सरचिटणीस झाले ते त्रिग्वे ली, लंडनमधल्या नॉर्वेच्या निर्वासित सरकारचे परराष्ट्रमंत्री.

ती शिक्षा बरोबर होती का?

या प्रश्नावर नॉर्वेत बराच खल झाला. नॉर्वेने सर्वसामान्य गुन्ह्यांसाठीची फाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रद्द केली होती. ती फक्त युद्धकाळातल्या लष्करी कायद्यात शिल्लक होती. शांतता आल्यानंतरही ती शिक्षा देता यावी, अशी तरतूद लंडनमधल्या सरकारने युद्ध चालू असतानाच वटहुकमाने केली.

टीकाकारांचं म्हणणं होतं, की हा सूड आहे, न्याय नाही. समर्थक म्हणत, की खटला उघड झाला, वकील मिळाला, अपील ऐकलं गेलं. हे केलं नसतं तर लोकांनी रस्त्यावर हिशेब चुकता केला असता. युद्धानंतर नव्वद हजारांहून अधिक लोकांची प्रकरणं तपासली गेली. त्यातल्या कित्येकांना फक्त दंड झाला आणि ३७ जणांना प्रत्यक्ष मृत्युदंड दिला गेला. १९७९ मध्ये नॉर्वेने लष्करी कायद्यातूनही ही शिक्षा काढून टाकली.

आज काय उरलंय?

ओस्लोच्या बिगडॉय भागात एक प्रशस्त बंगला आहे. सत्तेत असताना क्विसलिंग तिथे राहायचा. नॉर्स पुराणकथांतल्या एका सुंदर सभागृहावरून त्याने बंगल्याचं नाव 'गिमले' ठेवलं होतं. आता तिथे होलोकॉस्ट आणि अल्पसंख्याकांच्या अभ्यासाचं केंद्र आणि संग्रहालय आहे. ज्यांना या घरमालकाच्या सरकारने देशाबाहेर हाकललं, त्यांची नावं आणि त्यांच्या कहाण्या बघायला शाळेतली मुलं तिथे येतात.

क्विसलिंगबद्दल वाचताना एक सोय आपण नेहमी शोधतो. तो जन्मापासूनच दुष्ट होता, असं सापडलं की बरं वाटतं, कारण मग आपला आणि त्याचा काही संबंध उरत नाही. पण कागदपत्रं तसं सांगत नाहीत. तो हुशार होता, कष्टाळू होता, एकेकाळी माणसांच्या उपयोगी पडला होता. देशाला काय हवंय हे देशापेक्षा आपल्याला जास्त कळतं, अशी त्याची खात्री झाली होती. दोन निवडणुकांत लोकांनी 'नको' सांगितलं, तरी ती हलली नाही आणि ती खरी करण्यासाठी तो परक्या फौजेच्या पाठीवर बसून आला.

तेव्हा पुढच्या वेळी टीव्हीवर कुणी कुणाला सहज 'जयचंद' किंवा 'क्विसलिंग' म्हणालं, तर दोन गोष्टी आठवा. एक म्हणजे १९३२ मध्ये संसदेत उभं राहून विरोधकांना देशद्रोही ठरवणारा माणूस कोण होता. आणि दुसरी म्हणजे ज्यांनी खरोखर देश राखला, त्यात एक निवृत्तीला आलेला किल्लेदार होता आणि आपल्या सहीने पत्र पाठवणारे काही हजार शिक्षक होते.